कोन्याकमधले नॉर्वेजियन : परका कोणाला म्हणायचे?

फ्रान्सच्या नैऋत्येला शारांत नदीच्या काठी कोन्याक नावाचे एक लहान शहर आहे. त्याच्या नावाने विकली जाणारी ब्रँडी जगभर जाते. फ्रेंच माणसाला आपल्या भाषेचा आणि खाण्यापिण्याचा केवढा अभिमान असतो, हे वेगळे सांगायला नको. पण या ब्रँडीच्या बाटलीवर दर्जा सांगणारी 'व्हीएसओपी' ही जी अक्षरे असतात, ती 'व्हेरी सुपीरियर ओल्ड पेल' या इंग्रजी शब्दांची आहेत. फ्रान्सच्या सर्वांत फ्रेंच समजल्या जाणाऱ्या मालाची प्रतवारी इंग्रजीत का? कारण माल घेणारा इंग्रज होता. आजही कोन्याकचा ९५ टक्क्यांहून जास्त माल फ्रान्सबाहेरच विकला जातो.

आता पेढ्यांची नावे पाहा. मार्टेल ही जुनी पेढी १७१५ मध्ये सुरू करणारा जाँ मार्टेल इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरून आला होता. १७६५ मध्ये पेढी काढणारा रिचर्ड हेनेसी आयर्लंडच्या कॉर्क भागातला, फ्रेंच राजाच्या फौजेत नोकरी केलेला कॅथलिक. जेम्स डेलामेन डब्लिनहून आला. त्याच्या घराण्याच्या पेढीला पुढे ज्याचे नाव मिळाले, तो थॉमस हाईन इंग्लंडच्या डॉर्सेटचा. आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर या यादीत नॉर्वेचे लोक आले. बाके-गाब्रिएलसेन, ब्रोस्ताद, लार्सन. ज्या देशात द्राक्षाची वेल धड वाढत नाही, तिथल्या तरुणांनी द्राक्षाच्या ब्रँडीत आयुष्य काढले आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांना आज कोणी नॉर्वेजियन म्हणत नाही.

मी मद्य घेत नाही आणि कोणी घ्यावे असेही मला वाटत नाही. मग हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. मला बाटलीत रस नाही, बाटलीवरच्या नावात आहे. बाहेरून आलेला माणूस एखाद्या मुलखाचा कधी होतो, त्याला तो हक्क कोण देते आणि कोणाला नाकारते, हा प्रश्न आपल्याकडे रोज उठतो. त्यावर आपण बहुधा घोषणांच्या भाषेत बोलतो. कोन्याकच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही समोर ठेवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

मिठाची जहाजे

उत्तरेकडचे लोक शारांतला ब्रँडीसाठी आलेच नव्हते. ते आले मिठासाठी. या किनाऱ्यावर मिठागरे होती आणि उत्तर समुद्रातल्या मासेमारीला मीठ हवे होते. मध्ययुगापासून उत्तरेची जहाजे इथे मीठ भरायला येत आणि सोबत वाईन नेत. हलकी वाईन लांबच्या प्रवासात खराब व्हायची. डच व्यापाऱ्यांनी ती उकळून तिचा अर्क काढायची वाट दाखवली. 'जाळलेली वाईन' या अर्थाच्या त्यांच्या 'ब्रांडेवाइन' या शब्दावरून 'ब्रँडी' हा शब्द निघाला. म्हणजे मालाचे नावसुद्धा परदेशी गिऱ्हाइकाने ठेवलेले.

अर्क काढायची कला तरी कुठली? शारांतच्या तांब्याच्या भट्टीला 'अलांबिक' म्हणतात. हा अरबी 'अल-अंबिक'. अरबांनी तो ग्रीकांकडून घेतला आणि युरोपला दिला. 'अल्कोहोल' हा शब्दही अरबी 'अल-कुहल'वरून, म्हणजे आपल्या घरातल्या सुरम्यावरून आला. बारीक केलेल्या पुडीचे नाव पुढे युरोपात 'सत्त्व' या अर्थाने चालू लागले. नवव्या शतकात बगदादचा अल-किंदी सुगंधी अर्क काढण्यावर लिहीत होता. त्यातून गुलाबपाणी आणि अत्तर निघाले. युरोपने त्याच साधनाचा वापर वेगळ्या कामासाठी केला. ज्याचे त्याने ठरवले. पण फ्रेंच संस्कृतीचा कळस म्हणून जी वस्तू मिरवली जाते, तिचे भांडे अरबस्तानातून, नाव हॉलंडमधून आणि प्रतवारी इंग्लंडमधून आली, हे विसरून चालत नाही.

मुळे टेक्सासची

नॉर्वेजियन तरुण आले तेव्हाचे कोन्याक हे नुकतेच उद्ध्वस्त होऊन सावरत असलेले गाव होते. १८७० च्या दशकात फायलोक्सेरा नावाची मुळे खाणारी कीड इथे पोचली. १८७७ च्या सुमारास या प्रदेशात सुमारे २ लाख ८० हजार हेक्टर द्राक्षबागा होत्या. १८९३ पर्यंत सुमारे ४० हजार हेक्टर उरल्या. ज्या शेतकऱ्याच्या चार पिढ्या एका बागेवर जगल्या, त्याच्या हाती वाळलेली खोडे राहिली.

ही कीड अमेरिकेतून आली होती आणि उपायही तिथूनच आला. अमेरिकन रानवेलींची मुळे या किडीला दाद देत नाहीत. पण त्यातल्या बऱ्याच वेली शारांतच्या चुनखडी जमिनीत टिकत नव्हत्या. म्हणून १८८७ मध्ये पिएर विआला हा फ्रेंच शास्त्रज्ञ अमेरिकेत गेला. टेक्सासच्या डेनिसन गावी टी. व्ही. मन्सन नावाचा वेलींचा जाणकार राहत होता. त्याच्या मदतीने चुनखडीत तग धरणाऱ्या वेली सापडल्या. त्यांच्या खुंटांवर फ्रेंच वाणांची कलमे बांधली गेली आणि कोन्याक पुन्हा उभे राहिले. डेनिसन आणि कोन्याक ही आज जोडशहरे आहेत. आज या प्रदेशात जे पांढरे द्राक्ष सर्वाधिक लावले जाते, ते उनी ब्लाँसुद्धा मूळचे इटलीचे. तिथे त्याला ट्रेबियानो म्हणतात.

आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. खारवट पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून त्यांनी ज्या 'डॉगरिज' खुंटावर कलमे बांधली, तोही टेक्सासच्या रानातलाच आणि मन्सननेच निवडलेला. तासगावच्या बागेतले द्राक्ष अमेरिकन आहे असे कोणी म्हणत नाही. मूळ कुठले, हा वेलीच्या बाबतीत आपण शेतीचा प्रश्न मानतो. माणसाच्या बाबतीत मात्र तो लगेच निष्ठेचा होऊन बसतो.

वेळ विकत मिळत नाही

१८२५ ते १९२५ या शंभर वर्षांत सुमारे ८ लाख लोक नॉर्वे सोडून गेले. लोकसंख्येच्या मानाने युरोपात आयर्लंडनंतर एवढे स्थलांतर दुसऱ्या देशातून झाले नाही. यातले बहुतेक अमेरिकेत, मिनेसोटा-डकोटाच्या पट्ट्यात गेले. तिथे जमीन मिळत होती. जमीन शोधणाऱ्याने अमेरिका गाठली, हे समजण्यासारखे आहे. कोन्याकला गेलेला माणूस मात्र उलट्या दिशेने निघाला होता. तिथे मोकळी जमीन नव्हती आणि व्यापार जुन्या घराण्यांच्या हातात होता.

थॉमस बाके-गाब्रिएलसेन हा त्यातला एक. होल्मेस्ट्रांड या किनाऱ्यावरच्या गावचा, फौजेत लेफ्टनंट झालेला तरुण. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत तो कोन्याकला आला आणि १९०५ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आसपास, पेटर रुस्ताद या आपल्या नॉर्वेजियन भागीदाराबरोबर त्याने तिथली एक पेढी विकत घेतली. पेढीचे नाव होते ए. एदमाँ द्युपुई. त्याच वर्षी नॉर्वे स्वीडनपासून वेगळा होऊन स्वतंत्र राज्य झाला. देश स्वतःच्या पायांवर उभा राहिला त्याच वर्षी हा तरुण दुसऱ्याच्या नावाची पाटी विकत घेत होता.

नवी पेढी काढण्याऐवजी जुनी विकत का घेतली? इथे या धंद्याचे गणित समजून घ्यावे लागते. कोन्याकसाठी आधी आंबट, हलकी वाईन करतात. ती तांब्याच्या भट्टीतून दोनदा काढतात. साधारण ९-१० लिटर वाईनपासून १ लिटर अर्क निघतो. मग तो ओकच्या पिंपात मुरत ठेवतात. कायद्याने किमान २ वर्षे, चांगल्या पेढीत १०-२० वर्षे, काही पिंपे त्याहूनही जुनी. दरवर्षी पिंपातला थोडा माल उडून जातो. त्याला तिथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. त्या वाफेवर जगणारी बुरशी कोठारांची छपरे आणि भिंती काळ्या करते. काळी भिंत दिसली की आत माल मुरतो आहे असे ओळखावे. शेवटी वेगवेगळ्या वयाचे अर्क एकमेकांत मिसळून ठरावीक चव साधली जाते आणि वर्षानुवर्षे तीच राखली जाते. हे मिश्रण करणाऱ्या उस्तादाच्या जिभेवर पेढीची अब्रू उभी असते.

म्हणजे या धंद्यात खरे भांडवल पैसा नाही, वेळ आहे. आज भट्टी लावली तरी वीस वर्षांचा माल वीस वर्षांनीच मिळणार. परक्याजवळ पैसा असेल, हिंमत असेल, बाजार असेल. जुनी पिंपे नसतात. ती दोनच मार्गांनी मिळतात. जुनी पेढी विकत घ्यायची, नाहीतर जुन्या घराचा जावई व्हायचे. डेलामेनने जार्नाकच्या आपल्या भागीदाराच्या मुलीशी लग्न केले. पुढे हाईनने डेलामेन घराण्यातल्या मुलीशी लग्न केले. बाके-गाब्रिएलसेनने पेढीही घेतली आणि लग्नही तिथल्याच घरात केले. यामागे प्रेम नसेल असे नाही. पण ज्या धंद्यात आजोबाने भरलेले पिंप नातू उघडतो, तिथे नातेसंबंधांशिवाय पाय रोवता येत नाहीत.

मग त्याने स्वतः काय आणले? उत्तरेची ओळख. नॉर्वेत जेवणानंतर कॉफीसोबत कोन्याक घ्यायची चाल होती आणि तिथल्या गिऱ्हाइकाला काय रुचते हे त्याला घरूनच ठाऊक होते. त्याची 'त्रे कोर्स', म्हणजे 'तीन क्रॉस', ही ब्रँडी नॉर्वेत घरोघरी ओळखीची झाली. शारांतच्या शेतकऱ्याला ओस्लोचा दुकानदार काय मागतो हे कळायचा मार्ग नव्हता आणि ओस्लोच्या दुकानदाराला शारांतची माती कळत नव्हती. मधला माणूस दोन्हीकडची भाषा बोलत होता. पुढे पेढीवर त्याचे स्वतःचे नाव आले आणि आज चौथी पिढी ती चालवते आहे.

मासे आणि मद्य

त्याच्याआधी, १८९९ मध्ये, मियोसा तळ्याकाठच्या यॉविक गावचा स्वेर ब्रोस्ताद हा विशीतला तरुण कोन्याकला पोचला होता. आधी दुसऱ्यांच्या पेढीत नोकरी, मग एदित रूसो या स्थानिक मुलीशी लग्न, मग तिफाँ ही पेढी हाती. आजही ब्रोस्ताद कुटुंब या व्यापारात आहे. १९२६ मध्ये येन्स रेइदार लार्सनने आपली पेढी काढली आणि बाटलीवर व्हायकिंगांचे गलबत छापले. पहिल्याने सुरुवात फ्रेंच नावाने केली होती. एकवीस वर्षांनी आलेल्याला आपले नॉर्वेजियनपण बाटलीवर मिरवता आले. दरम्यान कोन्याकला या नावांची सवय झाली होती, हाच त्याचा अर्थ मी लावतो.

पण ही वाट सरळ नव्हती. अडथळा फ्रान्सने नव्हे, मायदेशाने आणला. १९१६ मध्ये नॉर्वेत कडक मद्यावर बंदी आली. १९१९ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के लोकांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. ज्या बाजाराच्या भरवशावर हे लोक फ्रान्समध्ये उभे होते, तोच बंद झाला. बंदीच्या काळात नॉर्वेचे डॉक्टर 'औषध' म्हणून मद्याच्या चिठ्ठ्या ढिगाने लिहून देऊ लागले आणि किनाऱ्यावर तस्करी वाढली. दारूबंदीचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही.

त्यात नॉर्वेचे दुखणे वेगळेच होते. स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्स हे वाईन विकणारे देश. तुम्ही आमची वाईन घेणार नसाल तर आम्ही तुमचे मासे घेणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. खारवलेला मासा हा नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या हजारो घरांचा पोटाचा धंदा. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. आधी वाईनला वाट मिळाली, १९२२ मध्ये सरकारी मक्तेदारीचे 'विनमोनोपोले' स्थापन झाले, १९२६ च्या दुसऱ्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के लोकांनी बंदी उठवायला सांगितले आणि पुढच्या वर्षी ती उठली. लार्सनच्या पेढीचे वर्षही १९२६ च. जुन्या काळी मिठाने बांधलेले शारांत आणि उत्तरेचे नाते मासा आणि मद्य यांच्या भांडणात ताणले गेले, पण तुटले नाही.

नाव मातीचे, वंशाचे नाही

या परक्यांना कोन्याकने आपले का म्हटले? फ्रेंच लोक फार उदार होते म्हणून नाही. त्याच काळात फ्रान्समध्ये परदेशी मजुरांवर हल्ले झाले होते. १८९३ मध्ये दक्षिणेतल्या एग-मोर्त गावी मिठागरात काम करणाऱ्या इटालियन मजुरांची जमावाने हत्या केली. उदारपणा हे कारण नव्हे.

मला दोन कारणे दिसतात. पहिले, हा परका गिऱ्हाईक घेऊन येत होता. किडीने कंबर मोडलेल्या गावाला त्याची गरज होती. दुसरे जास्त महत्त्वाचे आहे. कोन्याकने आपली ओळख ज्या नियमांत बांधली, त्यात वंशाला जागाच नव्हती. १ मे १९०९ च्या फर्मानाने कोन्याकच्या प्रदेशाची हद्द ठरली. १९३६ मध्ये नावाला कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले. द्राक्ष कुठल्या जमिनीतले, भट्टी कशी, अर्क किती वेळा काढायचा, हंगामानंतर ३१ मार्चपर्यंत भट्टी थांबली पाहिजे, पिंप कुठल्या लाकडाचे, किती वर्षे मुरवायचे, हे सगळे त्या व्यवस्थेत बारकाईने आले. करणारा कोणाचा मुलगा, कोणत्या देवाची प्रार्थना करतो, घरी कोणती भाषा बोलतो, हे विचारलेले नाही. पॅरिसच्या अस्सल फ्रेंच माणसाने आपल्या अंगणात ब्रँडी काढली तर ती कोन्याक नाही. नॉर्वेच्या लेफ्टनंटने शारांतच्या द्राक्षांची, नियमाप्रमाणे काढली तर ती कोन्याक आहे.

आपल्याकडेही हा कायदा आहे. भौगोलिक निर्देशांक म्हणून 'कोन्याक' हे नाव भारतात नोंदलेले आहे, तशी आपली नाशिकची द्राक्षे आणि कोल्हापुरी चप्पलही नोंदलेली आहे. त्या नोंदीत कारागिराची जात-जमात बघून शिक्का मारत नाहीत. माती, कसब आणि पद्धत बघतात. अभिमान बाळगायचा तर असा बाळगावा, ज्याची कसोटी कोणीही मेहनतीने पार करू शकेल.

दुसऱ्या किनाऱ्यावर

इथे थांबलो तर लेख गोड होईल, पण अर्धा राहील. कारण ज्या काळात फ्रान्स नॉर्वेच्या तरुणाला आपले म्हणत होता, त्याच काळात, त्याच द्राक्षाच्या धंद्यात, भूमध्य समुद्राच्या पलीकडे तोच फ्रान्स वेगळे उत्तर देत होता.

फायलोक्सेराने फ्रान्सच्या बागा मारल्या तेव्हा वाईनचा तुटवडा भरून काढायला अल्जेरियात बागा लावल्या गेल्या. १९३० च्या दशकापर्यंत तिथे सुमारे ४ लाख हेक्टर द्राक्षबागा झाल्या. फ्रान्सच्या पातळ वाईनला रंग आणि दम यावा म्हणून अल्जेरियाची वाईन जहाजे भरभरून येत असे. बागांचे मालक प्रामुख्याने युरोपीय वसाहतवाले. बागांत राबणारे मोठ्या संख्येने मुसलमान. स्वतःच्या धर्मात निषिद्ध असलेल्या मद्याची द्राक्षे ते खुडत होते, कारण ज्या जमिनीवर त्यांचे धान्य उगवायचे तीच जमीन बागेखाली गेली होती.

हे अल्जेरियन परके नव्हते. ते त्याच मातीत जन्मले होते आणि ती माती म्हणजे फ्रान्सच, असे फ्रेंच सरकार सांगत होते. तरी ते नागरिक नव्हते, प्रजा होते. १८६५ च्या फर्मानानुसार अल्जेरियन मुसलमानाला नागरिकत्व हवे असेल तर त्याने शरियतनुसार चालणारा आपला कौटुंबिक दर्जा सोडावा, अशी अट होती. फार थोड्यांनी ती मान्य केली. १८८१ पासून 'आँदिजेना'च्या कायद्याखाली त्यांच्यासाठी वेगळे गुन्हे आणि वेगळ्या शिक्षा होत्या. १८८९ च्या नागरिकत्व कायद्याने फ्रान्समध्ये जन्मलेली परदेशी माणसांची मुले सज्ञान होताच फ्रेंच ठरू लागली. अल्जेरियात स्थायिक झालेल्या स्पॅनिश-इटालियन लोकांच्या मुलांनाही त्याचा फायदा मिळाला. मुसलमान मात्र त्यातून वगळले गेले. पहिल्या महायुद्धात दीड लाखाहून अधिक अल्जेरियन फ्रान्सच्या फौजेत होते. तरी हिशेब बदलला नाही.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. नॉर्वेजियन माणूस लुथेरन होता, कॅथलिक बहुसंख्येच्या देशात आला होता, त्याची मातृभाषा वेगळी होती. त्याला कोणी म्हटले नाही की आधी तुझा धर्म पेढीच्या दारात ठेव. त्याचे वेगळेपण धंद्याला उपयोगी पडले आणि त्याची मुले शाळेत जाता जाता फ्रेंच झाली. अल्जेरियन मुसलमान त्या मातीचाच होता, पण त्याच्यासाठी माती पुरेशी नव्हती, मेहनत पुरेशी नव्हती, रक्त सांडणेही पुरेसे नव्हते. कोन्याकच्या बाटलीवर जो न्याय फ्रान्सने लावला, तो माणसांना लावला नाही.

काहीजण म्हणतील, तुलना बरोबर नाही. नॉर्वेचे लोक मूठभर होते, पैसेवाले होते, गिऱ्हाईक घेऊन आले होते. अल्जेरियन लाखांत होते. हा मुद्दा पूर्ण खोटा नाही. मूठभर व्यापाऱ्यांना सामावून घेणे सोपे असते. पण मग हे उघडपणे मान्य केले पाहिजे की आपण 'मिसळणे', 'एकरूप होणे' असे शब्द वापरतो तेव्हा प्रत्यक्षात पैसा आणि संख्या मोजत असतो आणि वर संस्कृतीचे नाव देतो. श्रीमंत परक्याला 'गुंतवणूकदार' म्हणायचे, गरीब परक्याला 'घुसखोर' आणि ज्याच्या दहा पिढ्या इथे गेल्या त्यालाही अधूनमधून विचारायचे की तू नक्की कुठला. या तीन वागणुकींत संस्कृती कुठे आहे?

दुसरा आक्षेप माझ्याच बाजूचे लोक घेतील. ब्रोस्ताद आणि लार्सन यांची गोष्ट सांगून तुम्ही अल्पसंख्याकाला 'उपयोगी पड, मग आपले म्हणू' असा सल्ला देता का? मुळीच नाही. उपयोगावर मिळालेले आपलेपण उपयोग संपला की संपते. बाके-गाब्रिएलसेनला दार उघडले ते बाजारामुळे हे खरे. पण त्याच्या नातवाला तिथे राहायला उपयोग सिद्ध करावा लागला नाही. त्याला कायदा पुरेसा होता. बाजार दार उघडतो, आत राहण्याचा हक्क कायदाच देतो. अल्जेरियात बाजाराने हवी तेवढी माणसे राबवून घेतली आणि कायद्याने दार बंद ठेवले. दोन्ही किनाऱ्यांतला फरक एवढाच होता आणि तो फार मोठा होता.

त्याची किंमत फ्रान्सने चुकवली. १९५४ ते १९६२ या आठ वर्षांच्या रक्तपातानंतर अल्जेरिया स्वतंत्र झाला. वसाहतवाले निघून गेले, पुढे फ्रान्सने वाईन घेणे कमी केले आणि त्या लाखो हेक्टर बागांचा मोठा भाग उपटून टाकण्यात आला. कोन्याकच्या बागा मात्र परदेशी मुळांवर अजून उभ्या आहेत.

याच कोन्याकमध्ये १८८८ मध्ये एका ब्रँडी-व्यापाऱ्याच्या घरी जाँ मोने जन्मला. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो धंदा शिकायला लंडनला गेला, मग वडिलांचा माल विकत कॅनडापर्यंत फिरला. पुढे ज्या लोकांनी फ्रान्स आणि जर्मनीला कोळसा-पोलादाच्या एका करारात बांधून आजच्या युरोपीय संघाचा पाया घातला, त्यांत तो आघाडीवर होता. परक्यांशी रोज व्यवहार करणाऱ्या गावातून असा माणूस निघाला, यात मला योगायोग वाटत नाही. ज्या गावाचे पोट दूरच्या माणसावर चालते, तिथल्या मुलांना दूरच्या माणसाची भीती वाटत नाही.

आपल्या मुलखालाही बाहेरून आलेली माणसे नवी नाहीत. कोणी समुद्राने आले, कोणी घाटाने, कोणी फौजेबरोबर, कोणी पोटासाठी. त्यांची मुले इथली भाषा बोलतात, इथल्या जमिनीत राबतात, इथल्या कब्रस्तानात आणि स्मशानात जातात. त्यांना मोजायला आपण कोणती पट्टी घेणार, हे आपल्या हातात आहे. कोन्याकने बाटलीसाठी जी पट्टी वापरली, ती स्पष्ट होती: इथली माती, ठरलेली रीत, लागेल तेवढा वेळ. ती माणसांसाठीही पुरेशी आहे. त्यात आडनाव आणि धर्म घुसवला की काय होते, ते पलीकडच्या किनाऱ्याने दाखवून ठेवले आहे.